आधी तंगूस, मग रीळ, शेवटी काठी

कसारा लोकलने खर्डीला उतरलं की दोन्ही अंगांना पाणी आहे. उत्तरेकडे तानसा आणि तिच्या पलीकडे वैतरणा, दक्षिणेकडे भातसा; शहापूर ओलांडून मुरबाडच्या बाजूला गेलं की काळू. मुंबईच्या नळाला येणारं बहुतेक पाणी याच डोंगरांतलं. तानसाचं धरण 1892 चं, वैतरणेवरचा मोडकसागर 1957 चा, भातसा त्यानंतरचा. धरणांच्या वर आणि खाली मात्र या नद्या अजून नद्याच आहेत. पावसाळ्यात तांबड्या लोंढ्याच्या, दिवाळीनंतर नितळ होत जाणाऱ्या आणि चैत्र-वैशाखात काळ्या कातळातल्या डोहांपुरत्या उरणाऱ्या.

या पाण्यावर गळ टाकणारे लोक दोन तऱ्हेचे. एक इथलेच कातकरी, ठाकूर, कोळी. त्यांची गरी म्हणजे बारीक भरीव बांबूची काठी, शेंड्याला बांधलेली काठीएवढीच लांब तंगूस (एकेरी नायलॉनची दोरी), एक गळ आणि त्याला गांडूळ किंवा खेकड्याचा तुकडा. दुसरे सुट्टीच्या दिवशी कल्याण-ठाण्याकडून पाठीवर लांबट पिशवी घेऊन येणारे. अलीकडे खर्डी, शहापूर, मुरबाडची तरुण पोरंही रॉड विकत घेऊ लागली आहेत, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठला रॉड घेऊ? उत्तर शोधायला गेलं की समोर येतं ते परदेशी सॅमनचं शास्त्र, पंधरा फुटी काठ्या, दोन्ही हातांनी टाकायची दोरी, चांदीसारखी चकाकणारी रिळं. ते शास्त्र खोटं नाही. पण ते ज्या नदीसाठी आणि ज्या माशासाठी घडलं, ती नदी आणि तो मासा समजून घेतल्याशिवाय त्यातलं काय उचलायचं आणि काय सोडायचं हे कळत नाही.

सॅमन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला आपल्या जन्माच्या नदीत वर चढतो. नदीत शिरल्यावर तो जवळजवळ खातच नाही. अंगात साठवलेल्या चरबीवर तो प्रवास पुरा करतो. न खाणाऱ्या माशाला गळाला कसं लावायचं, या कोड्यातून सॅमनची सगळी साधनं निघाली. पिसं, केस, रेशीम बांधून केलेली ‘फ्लाय’ त्याच्या तोंडावरून पुन्हा पुन्हा तिरकी न्यायची आणि चिडून किंवा जुन्या सवयीने त्याने ती धरावी म्हणून वाट पाहायची. फ्लायला वजन नसतं, त्यामुळे ती दूर फेकता येत नाही. फेकायची असते ती जाड, जड दोरी. फ्लाय तिच्यामागून जाते. जड दोरी रुंद नदीवर अलगद पसरायला लांब काठी लागते. म्हणून स्कॉटलंडच्या टे आणि स्पे नद्यांवर जुन्या काळी गयानातल्या ग्रीनहार्ट लाकडाच्या सोळा-अठरा फुटी काठ्या असत. पुढे बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून केलेल्या काठ्या आल्या आणि 1970 च्या दशकापासून कार्बन तंतूच्या. टे नदीवर 1922 साली जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीने 64 पौंडांचा, म्हणजे 29 किलोंचा सॅमन काढला. रॉडने धरलेल्या ब्रिटिश सॅमनचा तो विक्रम अजून मोडलेला नाही.

स्पे नदीवर आणखी एक युक्ती जन्माला आली. काठावर मागे झाडं आणि उंच दरड असली की दोरी पाठीमागे फेकायला जागा नसते. मग ती पाण्यावरच वळवून पुढे झोकायची. आपल्याकडच्या नदीकाठीही करंज, जांभूळ, उंबर पाठीला टेकलेले असतात, त्यामुळे ज्याला फ्लायचा नाद लागेल त्याला ही स्पे पद्धत उपयोगी पडेल. पण सुरुवात त्यापासून करू नये. इथला मासा खातो. तो भुकेला असतो. त्याच्यापर्यंत आमिष पोचवायला पंधरा फुटी काठी आणि जड दोरी लागत नाही.

हे ब्रिटिशांनाही भारतात आल्यावर कळलं. सॅमनच्या काठ्या घेऊन आलेल्या साहेबांना इथे भेटला महसीर, आपल्याकडचा खडस. कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या खडसाचं वर्णन त्यात आहे. शास्त्राच्या वहीत तो आज ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखला जातो. पुढे 1873 मध्ये मद्रास इलाख्यातले मुलकी अधिकारी एच. एस. थॉमस यांनी ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं. भारतातल्या गोड्या पाण्यातल्या गळमासेमारीचा तो पहिला मोठा ग्रंथ म्हणता येईल, आणि वजनाला वजन लावलं तर महसीर सॅमनपेक्षा जास्त झुंज देतो, असं मत त्यात ठामपणे मांडलेलं आहे. त्यामागे कारणं आहेत. सॅमन लागल्यावर बराच वेळ इकडेतिकडे झुंजतो, पाण्याबाहेर उड्या मारतो. महसीर पहिल्याच झपाट्यात सगळं करून घेतो. आमिष धरल्याबरोबर तो प्रवाहात सरळ धाव घेतो, आणि ती धाव पन्नास-साठ मीटरांची असू शकते. शिवाय तो मोकळ्या पाण्यात राहत नाही, खडकांच्या कपारीकडे जातो. त्याच्या जबड्यात दात नसतात, पण घशात असतात आणि तोंडाची चेप जबरदस्त असते. सॅमनसाठी केलेले बारीक तारेचे गळ तो सरळ करून टाकतो किंवा चुरडतो.

म्हणजे एका माशाला दोरी दूर टाकणारी काठी हवी, तर दुसऱ्याला धाव सांभाळणारी रीळ. आपल्या नद्यांवर साधनं निवडताना हा फरक धरून चालावं. इथे आधी मासा ठरवायचा, मग तंगूस, मग रीळ, आणि काठी सगळ्यांच्या शेवटी. दुकानात मात्र बहुतेक जण नेमके उलटे जातात. काठी दिसायला लांब आणि चकचकीत असते, हात आधी तिच्याकडे जातो, सगळे पैसे तिच्यावर संपतात, आणि रीळ मिळेल ती, तंगूस तर फुकट मिळालेली.

तर मासा. शहापूर-मुरबाडच्या पाण्यात साधारण चार प्रकारच्या माशांसाठी रॉड घेतला जातो. डोहांत आणि धरणांच्या फुगवट्यात रोहू, कटला, मृगळ. ते तळाशी किंवा मधल्या पाण्यात पिठाच्या गोळ्याला लागतात. त्यांचं तोंड मऊ, त्यामुळे हिसका देणारी कडक काठी त्यांना चालत नाही. गळ ओठ फाडून निघतो. त्यांच्यासाठी दहा-बारा फुटी, लवचीक काठी बरी. मुंबईत पवईच्या तलावावर गळवाल्यांच्या कित्येक पिढ्या या एकाच प्रकारात मुरल्या आहेत. पिठात काय काय मिसळायचं हा तिथे ज्याचा त्याचा राखलेला हुन्नर असतो. दुसरा शिंगाळा, संध्याकाळनंतर तळाशी फिरणारा, कोळंबीला किंवा लहान माशाला लागणारा. त्याच्या परांचे काटे हाताला लागले तर ठणका रात्रभर जात नाही, तेव्हा पक्कड जवळ हवीच. तिसरी मरळ. ती पाणवनस्पतींच्या गचपणात राहते आणि लागली की त्याच गचपणात घुसते. तिला खेळवत बसायचं नसतं, ओढून काढायचं असतं. म्हणून सात फुटी आखूड, कडक काठी आणि न ताणणारी जाड दोरी. चौथा खडस. तो आता थोडक्याच जागी उरला आहे आणि त्याच्याबद्दल पुढे वेगळं बोलायला हवं.

आता तंगूस. रॉड मोडल्यामुळे गेलेला मासा क्वचित सापडतो. तंगूस तुटून किंवा गाठ सुटून गेलेले शेकडो. तरी सगळ्यात कमी विचार तिचाच होतो. अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीने 1938 मध्ये नायलॉन जगापुढे आणलं, आणि त्यानंतर रेशमी दोरी आणि रेशीमकिड्याच्या रेशीमग्रंथीपासून काढलेला तंतू यांचं युग सरत गेलं. आज पर्याय दोन: एकेरी नायलॉन, म्हणजे आपली तंगूस, आणि विणलेली दोरी, जिला सगळे ‘ब्रेड’ म्हणतात. ब्रेड तितक्याच ताकदीला खूप बारीक असते आणि जवळजवळ ताणत नाही, त्यामुळे पन्नास मीटरवर माशाने आमिष नुसतं हुंगलं तरी बोटाला कळतं. नायलॉन ताणतं. हे ताणणं दोषासारखं वाटतं, पण सह्याद्रीतल्या नद्यांवर ते बरेचदा वाचवतं. अचानक बसलेला हिसका तंगूस अंगात जिरवते.

दुसरं म्हणजे आपला खडक. या नद्यांचे तळ बेसॉल्टचे आहेत, त्यात रांजणखळगे आहेत, आणि त्यांच्या कडा ताणलेल्या ब्रेडला सुरीसारख्या कापतात. ब्रेड वापरायचीच तर पुढचा दोन-तीन मीटरचा तुकडा जाड नायलॉनचा जोडावा. नवशिक्याने सरळ 0.35 मिलिमीटरची चांगल्या प्रतीची तंगूस घ्यावी. ती साधारण 8 किलोंचा ताण घेते आणि इथल्या बहुतेक माशांना पुरून उरते. गाठ आवळण्याआधी ती पाण्याने किंवा थुंकीने ओली करायची. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच कमजोर होतं. उन्हात पडलेली तंगूसही हळूहळू कमजोर होते. मागच्या वर्षीची रिळीवरच राहिलेली तंगूस हातात घेऊन हिसका देऊन पाहा. तुटली तर पुढे बोलायलाच नको.

वापरून झालेली तंगूस नदीकाठी टाकू नका. तिच्यात बगळे, खंड्या, पाणकोंबड्या अडकून मरतात, आणि ती वर्षानुवर्षं कुजून नाहीशी होत नाही.

रिळीकडे जास्त वेळ द्यायला हवा, कारण मासा खऱ्या अर्थाने रिळीने धरला जातो. जुनी सॅमनची रीळ म्हणजे एक साधं चक्र होतं, मूठ फिरवली की दोरी गुंडाळली जाते, मासा ओढेल तेव्हा चक्र उलटं फिरतं. फ्लायसाठी आजही तीच पद्धत आहे. पण लहान आमिष दूर फेकायचं तर फिरणाऱ्या चक्राला ते झेपत नाही. यॉर्कशरमधल्या कापड गिरणीच्या व्यवसायातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी 1905 मध्ये स्थिर स्पूलच्या रिळीचं पेटंट घेतलं. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत जसं टोकाकडून सुटत जातं, तसंच त्यांनी तंगुशीचं केलं: स्पूल जागेवर, वेटोळी टोकावरून सुटणार. आज आपण जिला स्पिनिंग रीळ म्हणतो ती हीच. दुसरा प्रकार बेटकास्टरचा. त्यात स्पूल फेकताना स्वतः फिरतो, नेम अचूक लागतो, ताकद जास्त मिळते. पण अंगठ्याने वेळेवर आवरला नाही तर तंगुशीचं घरटं होतं, आणि तो अंगठा घडायला महिने लागतात. पहिली रीळ स्पिनिंगच असावी.

स्पिनिंग रिळीवर 2500, 3000, 4000 असे आकडे लिहिलेले असतात. ते आकारमान सांगतात. वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, पण 4000 च्या रिळीवर 0.35 ची तंगूस साधारण सव्वाशे मीटर बसते. भातसा-काळूच्या डोहांना ती पुरेशी आहे. 5.2:1 असा आणखी एक आकडा असतो. मूठ एकदा फिरवली की तंगूस गुंडाळणारा भाग 5.2 वेळा फिरतो, एवढाच त्याचा अर्थ. जास्त आकडा म्हणजे जास्त वेग, पण ओढायला जड. नदीवरच्या सर्वसाधारण कामाला पाचच्या आसपासचा आकडा चांगला. बेअरिंग किती आहेत हे दुकानदार मोठ्याने सांगतो. त्या संख्येवर भुलू नका. चार चांगली बेअरिंग दहा स्वस्त बेअरिंगांपेक्षा जास्त वर्षं टिकतात.

जिच्यासाठी पैसे मोजायचे ती गोष्ट म्हणजे ड्रॅग. स्पूलच्या टोकाला एक चकती असते, ती आवळली की स्पूल घट्ट धरला जातो, सैल केली की ठरावीक ओढ्यानंतर स्पूल सरकतो आणि तंगूस सोडतो. आत फेल्टच्या किंवा कार्बनच्या चकत्या एकमेकींवर घासतात. महसीर धाव घेतो तेव्हा तंगूस तुटणं आणि मासा मिळणं यांच्यामध्ये एवढीच वस्तू असते. चांगल्या ड्रॅगची खूण म्हणजे तो सुरुवातीलाच अडत नाही. खराब ड्रॅग आधी चिकटून राहतो, मग एकदम सुटतो, आणि त्या चिकटण्याच्या क्षणीच तंगूस तुटते. दुकानातच तपासा: ड्रॅग अर्धा आवळा, तंगूस हाताने धरून आधी हळू, मग झटक्याने ओढा. सुरुवातीला अडकल्यासारखं वाटलं तर ती रीळ परत ठेवा.

ड्रॅग किती आवळायचा, हे हाताच्या अंदाजाने बहुतेकांचं चुकतं. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा ताणकाटा आणा. रॉड जोडा, कड्यांतून तंगूस ओवा आणि तिचं टोक काट्याच्या आकड्याला बांधा. एकाने काटा जमिनीलगत धरायचा, दुसऱ्याने रॉड उचलून वाकवायचा. काटा सव्वादोन-अडीच किलोंवर आला की स्पूल सरकायला लागला पाहिजे. आठ किलोंच्या तंगुशीला हे प्रमाण पाव ते तृतीयांश बसतं. इतकं कमी का, असा प्रश्न येतो. गाठीपाशी तंगूस कमजोर असते, पाणी पिऊन नायलॉनची थोडी ताकद आणखी जाते, आणि कड्यांवरून वळताना घर्षण वाढतं. चौथं कारण फारसं कुणी सांगत नाही. भरलेल्या स्पूलचा व्यास समजा 5 सेंटिमीटर आहे. माशाने धाव घेऊन बरीच तंगूस नेली आणि उरलेल्या गुंडाळीचा व्यास साडेतीनवर आला, तर चकती न हलवताही 2 किलोंचा ड्रॅग जवळजवळ 2.9 किलो होतो. मासा दूर गेला म्हणून घाबरून माणूस ड्रॅग आणखी आवळतो, नेमका त्याच वेळी तो आपोआप आवळला गेलेला असतो. लांब धावेत चकतीला हात लावायचा नाही. लावलाच तर सैल करण्यासाठी.

मासा तंगूस घेऊन जात असताना मूठ फिरवत राहू नका. काही मिळत नाही, उलट दर फेऱ्याला तंगुशीला पीळ बसतो आणि पुढच्या फेकीत तिची गाठोडी होतात. मासा थांबला की काठी वर न्यावी, काठी खाली आणताना गुंडाळावं.

खर्चाचे पाच भाग केले तर तीन रिळीला, एक काठीला आणि एक तंगूस-गळांना द्यावा, असं माझं मत आहे.

काठी म्हणजे एक तरफ, आणि ती तरफ माशाच्या बाजूची आहे. काठी लांब म्हणजे ताकद जास्त, असा समज असतो, होतं उलट. काठीच्या बुडापासून दोन मीटरवर, काटकोनात, माशाचा 1 किलोचा ओढा असेल आणि तुमचा पुढचा हात बुडापासून 40 सेंटिमीटरवर असेल, तर त्या हाताला 5 किलो पेलावे लागतात. लांब काठीने दूर फेकता येतं, खडकांवरून तंगूस उचलून धरता येते, पण मनगट लवकर दमतं. खर्डीच्या आसपास नदीवर फिरून, खडकांवर चढून-उतरून मासे धरणाऱ्याने आठ-नऊ फुटांची, दोन तुकड्यांची, मध्यम ताकदीची काठी घ्यावी. हीच एक काठी शिंगाळ्याला, लहान-मध्यम रोहूला आणि चमच्याला, म्हणजे पत्र्याच्या चकाकत्या आमिषाला, लागणाऱ्या खडसाला पुरते. मरळीसाठी वेगळी लागते, आणि ती नंतर घेतली तरी चालते.

काठीवर ‘10–30 ग्रॅम’ असं लिहिलेलं असतं. फेकायच्या आमिषाचं वजन या दोन आकड्यांच्या मध्ये असावं. त्याहून जड शिसं लावून झोकल्याने जितक्या काठ्या मोडतात, तितक्या माशांनी मोडत नाहीत. खरेदी करताना काठी जमिनीवर टेकवून वाकवू नका. रीळ बसवा, तंगूस कड्यांतून ओवा, टोक मित्राच्या हातात द्या आणि हळूहळू ओढायला सांगा. चांगली काठी शेंड्यापासून बुडाकडे एकसारखी वाकत जाते. मध्येच कोन दिसला तर ती तिथेच मोडणार. मग कड्या. प्रत्येक कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. एक तंतू जरी अडकला तरी तिथे तडा आहे, आणि त्या तड्याने तंगूस रोज थोडी थोडी कापली जाईल.

काचतंतू की कार्बन? कार्बन हलका असतो, बोटाला जास्त सांगतो, पण खडकावर आपटून बसलेला बारीक तडा दिसत नाही आणि पुढच्या माशाला काठी फुटते. काचतंतूची काठी जड, पण मार खाणारी. कातळावरून चालणाऱ्या नवशिक्याला काचतंतूची किंवा दोन्ही मिसळून केलेली काठी जास्त वर्षं साथ देते. कार्बनचा एक धोका जिवाशी आहे: त्यातून वीज वाहते. खर्डी-कसारा मार्गावर रुळांवरच्या तारांत 25,000 व्होल्ट आहेत आणि तालुक्यातून उच्चदाबाच्या वाहिन्याही जातात. जोडलेली काठी उभी धरून फलाटावर किंवा तारांखालून चालू नका. रॉड नदीकाठी जोडायचा आणि नदीकाठीच सोडायचा. विजा चमकायला लागल्या की तो आडवा ठेवून लांब व्हायचं.

खडसाबद्दल बोलतो म्हटलं होतं. वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेच्या काठावर तिळसेश्वराचं देऊळ आहे. तिथल्या डोहातले मोठे मासे लोक देवमासे मानतात, त्यांना चारा घालतात आणि कुणी धरत नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडच्या डोहालाही असंच देवीचं संरक्षण आहे. ठिकठिकाणचं नदीपात्र बिघडत गेलं तेव्हा खडसाचं बी या देवांच्या डोहांनी राखलं. दुसरीकडे लोणावळ्यात टाटांच्या वळवण तलावावर 1970 च्या दशकात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खडसाची कृत्रिम पैदास यशस्वी केली. तिथली पिल्लं देशभर गेली. त्यातून शिकायलाही मिळालं: कावेरीत सोडलेला आपला खडस तिथे इतका फोफावला की कावेरीच्या मूळच्या, पाठीवर कुबड असलेल्या महसीरची जागा त्याने घेतली. त्या कुबडवाल्या महसीरची शास्त्रीय ओळख 2018 मध्ये पक्की झाली, आणि तोवर तो नामशेष होण्याच्या काठावर पोचला होता. एका नदीचा मासा दुसरीत सोडणं हे पुण्यकर्म नाही.

रॉडच्या निवडीशी याचा थेट संबंध आहे. बारीक तंगूस आणि नाजूक काठी घेऊन मोठा मासा अर्धा तास खेळवण्यात शौर्य मानतात. उन्हाळ्यात पाणी कोमट, त्यात प्राणवायू कमी; इतका वेळ झुंजलेला खडस सोडला तरी थोड्या वेळाने मरू शकतो. त्याला सोडायचं ठरवलं असेल तर साधनं दणकट घ्या, म्हणजे तो काही मिनिटांत काठाला येईल. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. मासा पाण्याबाहेर उचलू नका, हात ओले करून पाण्यातच गळ काढा, तोंड प्रवाहाकडे करून धरा आणि तो स्वतःहून निघाला की सोडा. स्कॉटलंडमध्येही आज रॉडने धरलेले बहुतेक सॅमन असेच परत सोडले जातात.

सॅमनसारखी चढण आपल्याकडेही आहे. पहिला पाऊस झाला, ओढे-नाले वाहू लागले की मासे नदीतून उलटे वर चढतात, शेताच्या बांधापर्यंत जातात. ती वळगण. गावोगाव त्या रात्री लोक जाळी, टोपल्या, हाताला येईल ते घेऊन निघतात. पिढ्यांची रीत आहे आणि गरिबाच्या ताटातला तो हक्काचा घास आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. रॉड घेऊन आलेल्या माणसाने मात्र त्या दिवसांत पाण्यापासून दूर राहावं. पोटात अंडी असलेला मासा केवळ खेळ म्हणून धरू नये. मरळीच्या बाबतीत आणखी एक. लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर तरंगताना दिसला तर खाली आईबाप राखण करत असतात. त्यांना गळाला लावणं सोपं असतं, कारण ते पिल्लांसाठी झेप घेतात. ते गेले की सगळा घोळका इतर माशांच्या तोंडी जातो.

आणि पाणी कुणाचं आहे ते आधी विचारा. तानसा अभयारण्यात आणि महापालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या तलावांवर परवानगीशिवाय गळ टाकता येत नाही. इतर अनेक जलाशयांची मासेमारी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असते, त्यांच्या माणसाला भेटून रीतसर परवानगी घ्या. देवाच्या डोहात टाकूच नका. जूनच्या पहिल्या पावसापासून ऑगस्ट संपेपर्यंत रॉड घरी ठेवा. त्या काळात पाणी माणसालाही धोक्याचं असतं. रीळ उघडून पुसा, ड्रॅगची चकती सैल करून ठेवा, आणि सप्टेंबरात नवी तंगूस भरा.